तांब्यातले पाणी

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची खात्री नाही. गावाचे नाव तर विसरलोच आहे. पाणी आधी नितळ होते आणि मग गढूळ झाले, एवढा क्रम मात्र बरोबर असावा.

त्या गावाच्या वर मातीचे एक जुने धरण होते, पूर अडवण्यासाठी बांधलेले. त्याची राखण म्हाळू करी. धरणाच्या पायथ्याशी थोडे पाणी पाझरत असे. म्हाळू रोज ते तांब्यात धरून बघे. बापाने त्याला एवढेच शिकवले होते, "पाझर नितळ आहे तोवर भिऊ नको. गढूळ झाला की गाव हलव."

गाव त्या पाझराला देवीचा झरा मानी आणि पिण्याचे पाणी तिथूनच नेई.

एका श्रावणात पाणी गढूळ आले. म्हाळू तांब्या घेऊन चावडीवर धावला.

"पाटील, धरण आतून झिजतंय. खालची आळी रिकामी करा."

पाटील हसले. "पावसाची माती मिसळली असेल रे. तुझ्या बापालाही असाच घाम फुटायचा."

गिरजाकाकू म्हणाल्या, "गढूळ आहे तर फडकं लावून गाळावं. त्यासाठी कुणी घर सोडतं होय?"

सगळे हसले. म्हाळू ओशाळला. आपलेच चुकत असेल, असे त्याला वाटले.

त्याची लेक सगुणा खालच्या आळीत नांदत होती. म्हाळू टेकाडावर राही. ती रोज त्याच्यासाठी हंडा भरून आणी. दुसऱ्या दिवशी तिने दुहेरी फडके लावले, तिसऱ्या दिवशी तिहेरी.

"बाबा, पाणी बरंय ना?"

म्हाळूने तांब्याकडे पाहिले नाही. गाळलेल्या हंड्यात पाहिले. "बरंय, बाई."

फडके म्हाळूच्या घरातल्या खुंटीवर वाळत घालून ती आपल्या घरी गेली. दुपारी धरण फुटले. खालची आळी वाहून गेली, सगुणाही गेली.

पुढे कुणी पाणी दिले, की म्हाळू ते आधी उजेडात धरी. प्यायचे विसरून जाई.

पुष्कळ वर्षांनी त्या खुंटीवरच्या फडक्यातली माती मी तपासून घेतली. त्या भागात सगळीकडे तांबडी माती आहे. फडक्यातली काळी चिकण होती. तशी माती फक्त धरणाच्या गाभ्यात भरलेली होती.

तात्पर्य: आपल्याला दिसलेला धोका एकदा सांगून भागत नाही. लोक हसले तरी तो सांगत राहावा, निदान आपल्या माणसांना तरी.