झिनियाचं पहिलं फूल

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि शाप बोलल्याप्रमाणे फळत, वज्रसेन राजा छातीपर्यंत दगड झाला होता.

त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं. एका मांत्रिकाने त्याला झिनियाचं बी दिलं होतं. शेंदरी, गुलाबी, पिवळी फुलं. अट एकच, ती वाटायची. न वाटणारा दगड होईल. राजाने बागेभोवती तट बांधला, दारात भालेकरी सिदोजी उभा केला आणि फर्मान काढलं: जो फूल खुडेल, त्याचा हात कलम. दरबार म्हणाला, वाहवा! फुलं देठावरच वाळली, झाडं मेली, राजाचे पाय पाषाण झाले, आणि दगड वर चढू लागला. वैद्य आले, ज्योतिषी आले, मेजवान्या झोडून गेले. फर्मान चुकलं, एवढं सांगायला कोणाची जीभ उचलेना.

राणी मृगावती उजाड बागेत बसली होती. तटावर एक मुनिया, चिमणीहून इवलं पाखरू, उतरली.

"राणीसाहेब, वाळल्या फुलातलं शेवटचं बी माझ्याकडे आहे. खाणार होते. पण तुमचे डोळे बघवेनात."

"काय करू, सांग."

"तीन कामं. भर उन्हात पेरा, मग रोप हलवू नका. पाणी मुळाशी घाला, पानं भिजवू नका. आणि पहिलं फूल उमललं की खुडून दुसऱ्याच्या हाती द्या."

सगळ्यात चांगलं ऊन दरबाऱ्यांच्या मांडवावर पडे. राणीने मांडवच उतरवला. मंडळी घामाघूम होऊन कुरकुरली; बी मात्र उगवलं.

प्रधान म्हणाला, "पाणी वरून शिंपडावं. शोभून दिसतं."

"पानांवर पांढरी बुरशी धरेल, प्रधानजी. तीही शोभेल?"

फूल उमललं तेव्हा दगड बागेतच खिळलेल्या राजाच्या गळ्याशी आला होता.

"राणी, हात लावू नकोस! एकच आहे!"

"तुम्हीही एकच आहात," राणी म्हणाली, आणि पानांच्या जोडीच्या वर तिने देठ कापला.

सिदोजी भाला घेऊन पुढे झाला. "राणीसाहेब, फर्मान आहे."

"असेल. आधी हे धर."

त्याने फूल घेतलं. किती तरी वेळ तो पाहतच राहिला. "इतकी वर्षं राखलं, हातात आज आलं. उपकार झाले, आईसाहेब." मग राजाकडे वळून म्हणाला, "महाराज, आता फूल माझ्याही हातात आहे. कोणाचा हात तोडू?"

राजाला हसू फुटलं, आणि हसण्याबरोबर गळ्याचा दगड तडकला. कापल्या जागेखालून दोन फुटवे निघाले, दोन्हीवर फुलं आली. राणी खुडत गेली, वाटत गेली. झाड फुलत गेलं. शेवटचा दगड पायांवरून गळाला तेव्हा राजाने पहिलं काम केलं: फर्मान फाडलं. दुसरं, तट पाडला.

थंडी सरली, झाड वाळू लागलं. राजा घाबरला.

"त्याचं आयुष्य एवढंच," मुनिया म्हणाली. "शेवटची फुलं तेवढी झाडावर वाळू द्या. बी त्यांत आहे."

राजाने हात जोडले. "मुनियाबाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडू नका. पेरा."

त्या राज्यात आजही पहिलं फूल दारावरच्या पहारेकऱ्याला देतात, आणि नव्या बियांची पहिली मूठ मुनियेसाठी मोकळ्या अंगणात ठेवतात.