दयाळाची चाल

पाखरं उंबरावर जमून एकमेकांना आपली नवी गाणी ऐकवत, त्या काळची गोष्ट. एका दयाळ पक्ष्यानं नवी चाल बांधली आणि भीतभीत म्हणून दाखवली.

"फार लांबलीय," होला म्हणाला.

"ठेका कुठाय?" सुतारपक्ष्यानं विचारलं.

पोपटाला ती आणखी गोड हवी होती. दयाळानं प्रत्येकाचं ऐकून चाल बदलली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना डोलावल्या, पण त्याला स्वतःचंच गाणं ओळखू येईना. बिचारा गोंधळून गेला.

तेव्हा साळुंकी म्हणाली, "काल मधेच तुझा आवाज कापरा झाला. तिथे काय सांगायचं होतं रे?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"माझं पिल्लू पहिल्यांदा उडून गेलं. त्याचा आनंद झाला की दुःख, तेच मला कळत नाही."

"मग तसंच म्हण," साळुंकी म्हणाली आणि जवळ सरकून बसली.