गुरुजींचे बंद दार

एकदा एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या मालकाला वाटले, आपल्या मालिका घरोघरी पाहिल्या जातात, तर त्यांवरच्या गप्पाही आपल्याच अंगणात का रंगू नयेत? त्याने प्रेक्षकांसाठी मोबाइलवर एक कट्टा उघडला आणि तो एका उत्साही तरुणाच्या हाती सोपवला. तरुणाने कट्टा तुळशीवृंदावनासारखा चोख ठेवला. कोणी मालिकेला नावे ठेवली की तो ती ओळ पुसून टाकी आणि तिथे नायिकेचा हसरा फोटो लावी. होता होता कट्ट्यावर फोटोच उरले. मालकाने बजावले, महिनाअखेर माणसे आली नाहीत तर कट्टाही बंद आणि तुझी नोकरीही.

तरुण घाबरला आणि तडक आपल्या जुन्या गुरुजींकडे गेला. देवळात त्यांचे प्रवचन नुकतेच आटोपले होते. त्याचे गाऱ्हाणे ऐकून गुरुजींनी चहाची मोठी किटली पायरीवर ठेवली, शिष्याला घेऊन ते शेजारच्या खोलीत गेले आणि चक्क आतून दार लावून घेतले.

बाहेर चहा ओतला गेला, तशी तोंडेही सुटली. आज गुरुजी फारच वाहवत गेले, असे एक आजोबा म्हणाले. दृष्टांत तर गेल्या वर्षीचाच होता, असे एका बाईंनी सांगून टाकले. तिसऱ्याने गुरुजींची बाजू घेतली आणि चांगलीच जुंपली. शिष्य संतापून दार उघडायला उठला. गुरुजींनी हात धरून त्याला खाली बसवले. ते गालातल्या गालात हसत होते.

"अरे, मी समोर असलो की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात," ते म्हणाले. "मी उठलो की बोलतात. भांडण अर्धं राहतं, म्हणून पुढच्या गुरुवारी पुन्हा येतात. माझा दृष्टांत शिळा झालाय, हेही मला या दारामागेच कळतं. तू लोकांना गप्पांना बोलावलंस बाळ, आणि माना डोलवायला बसवलंस."

शिष्य परतला आणि त्याने पुसणे सोडले. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी लिहिले की नायिका झोपतानाही शालू नेसते, तिला एखादे सुती पातळ द्या. त्यावर जी झुंबड उडाली, ती काही केल्या हटेना. संध्याकाळी मालकाचा फोन आला.

"शालूबद्दल काय काय लिहिलंय, वाचलंस?"

"वाचलं, साहेब. पुसून टाकू?"

मालकाने आवाज खाली आणला.

"नको. इथे घरी आमच्या मंडळी उत्तर लिहितायत. त्यांचं होऊ दे."

फोन ठेवून शिष्य गुरुजींसारखाच गालातल्या गालात हसला.