तुंब्यातलं मेण

तुमच्या-माझ्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, घाटमाथ्यावर एक बाजार भरायचा. तिथे नुसत्या जुन्या बैलगाड्या विकायला असायच्या.

बाजार हिराशेठचा. त्याच्या गड्यांना पगार म्हणून छदामही मिळत नसे. गाडी विकली तर तिच्यातला हिस्सा, नाही तर हात हलवत घरी जा! मग काय होणार, तुम्हीच सांगा. गाडी दुरुस्त करत बसायला वेळ कोणाला? गडी भेगांत मेण भरायचे, वरून काजळी फासायचे आणि गाडी नव्यासारखी म्हणून गळ्यात मारायचे.

यात गेनू सगळ्यांत तरबेज. पण त्या आठवड्यात त्याची एकही गाडी खपली नव्हती आणि घरातलं पीठ संपलं होतं.

तेवढ्यात सगुणा कुंभारीण छोट्या नातीला घेऊन आली. तिची गाडी बाजाराजवळच मोडली होती. "दादा, माठ घेऊन घाट उतरायचाय. गाडी टिकेल ना?"

"अहो मावशी, तुमची नात म्हातारी होईल, पण गाडीला काही होणार नाही!" गेनू म्हणाला. चाकाच्या मधल्या तुंब्याला केवढी भेग होती, ते त्याला ठाऊक होतं. मेण त्यानेच भरलं होतं.

सौदा झाला. माठ लादले. सगुणेने नातीला उचलून माठांच्या मधोमध बसवलं. पोर टाळ्या पिटत होती. गाडी घाटाकडे वळली आणि गेनूची नजर त्या चाकावरून हटेना.

"मावशी, थांबा!" तो धावत सुटला. पहिल्याच उतारावर त्याने बैलांची वेसण धरली. "पोरीला खाली घ्या. चाक फुटकं आहे. मी खोटं बोललो."

सगुणेने त्याला अशा शिव्या घातल्या की काही विचारू नका. मग गाडी माघारी आणली.

हिराशेठ भडकला. "अरे करंट्या! आलेलं गिऱ्हाईक घालवतोस?"

"शेठ, गाडी उंबऱ्याबाहेर गेली की आमचा हिस्सा हातात. पुढे ती मोडो नाही तर दरीत जावो, आमचं काय जातं? म्हणून तर आम्ही असे झालो."

शेठ काही बोलणार, तोच सगुणा म्हणाली, "गिऱ्हाईक कुठं गेलंय? चाक बदलून द्या. गाडी मी ह्याच्याकडूनच घेणार." हे ऐकून बाजारातली बाकीची गिऱ्हाइकंही गेनूभोवती जमली. "आमचीही चाकं बघ रे बाबा!"

हिराशेठ तापट होता, पण बावळट नव्हता. त्याने तिथल्या तिथे नवी रीत घातली. पोटापुरता पगार सगळ्यांना पक्का. वरचा हिस्सा मात्र, विकलेली गाडी पुढच्या बाजाराला आपल्या चाकांवर परत दिसली तरच!

काय सांगू, बाजारातलं मेणच संपलं. जो तो तुंबे ठोकून बघू लागला, वंगण घालू लागला.

पुढच्या बाजाराला सगळे गडी वेशीवर उभे होते, माहेरवाशिणीची वाट बघावी तसे. घाटातून घुंगरं वाजली. रिकाम्या गाडीत सगुणेची नात उभी राहून ओरडत होती, "गेनूमामा, आम्ही आलो!"

गेनूचे डोळे भरून आले. हिस्सा मागायचंही तो विसरला.

तात्पर्य : माणसाला मोबदला ज्याचा द्याल, त्याचीच तो राखण करतो, म्हणून मोबदला सचोटीचाच द्यावा.