रिकाम्या मांडीची माउली

या, आत या. ही आमच्या मांडेवलीची माउली. दुसऱ्या चर्चमध्ये तुम्ही पाहिली असेल, क्रुसावरून उतरवलेल्या येशूला मांडीवर घेतलेली. गोरी, तरुण, गालावर एखादाच अश्रू. हिची मांडी रिकामी आहे. आणि तोंड बघा, कसं उघडं आहे ते.

पोर्तुगीज अमलात इथे मार्सेलीन नावाची कोळीण राहायची, असं सांगतात. तिचा एकुलता मुलगा इनास. किल्ल्यातून पळालेल्या एका गुलाम कुटुंबाला त्याने होडीतून खाडीपार सोडलं. किल्लेदाराने त्याला किनाऱ्यावर फाशी दिलं आणि गावाला जरब बसावी म्हणून प्रेत तसंच लटकत ठेवलं. मार्सेलीन खाली वाळूत बसून राहिली. "त्याला माझ्याकडे द्या," एवढंच म्हणायची. शेवटी शिपायांनी प्रेत उतरवलं, ते थेट होडीत घालून खोल समुद्रात टाकलं. तिला हातही लावू दिला नाही.

त्या दिवसांत कायतान सुतार चर्चसाठी माउलीची मूर्ती करत होता. पाद्रींनी नमुन्याला चित्र दिलं होतं. पण त्याची वाट किनाऱ्यावरून, मार्सेलीनच्या समोरून जायची. त्याने नुसती आई घडवली. मांडीवरच्या मुलासाठी आणलेल्या लाकडाला, म्हणे, त्याने हत्यारच लावलं नाही.

मूर्ती पाहून पाद्री संतापले. "देवाची आई अशी किंचाळते? तोंड मिटव तिचं! आणि मुलगा कुठाय?"

दारात उभी असलेली मार्सेलीन पुढे आली. मूर्तीच्या पसरलेल्या हातांवरून तिने हात फिरवला.

"पाद्रीबाबा, देवाच्या आईला तिचा मुलगा दिला होता, म्हणून ती गप्प बसली असेल. मला कुठे दिलात?"

पाद्रींनी मूर्ती आहे तशी आत घ्यायला सांगितलं. मूर्ती राहिली. किल्लेदाराने मात्र कायतानच्या उजव्या हाताची बोटं छाटली. मूर्ती जाळायलाही माणसं धाडली होती, पण माउलीला आग लावायला कुणी धजलं नाही. मार्सेलीन त्याच वर्षी गेली.

आजही होडी बुडून माणूस सापडला नाही, की त्याची आई नाहीतर बायको त्याचा सदरा आणून या मांडीवर ठेवते आणि हवं तितकं, हव्या तेवढ्या मोठ्याने रडते. तिला कुणी आवरत नाही. ती उठली, की तोच सदरा शवपेटीत घालून आम्ही पुरतो. मागच्या आठवड्यात माझी भावजय बसली होती. अंधार पडला, तरी फादर आणि आम्ही सगळे बाहेर पायऱ्यांवर थांबलो होतो.