हंसाजीचा तिसरा खटका

एका राज्यात सूर्यसुद्धा मनोऱ्यावरच्या घड्याळाला विचारून हलायचा. खोटं नाही सांगत. भस्मकेतू नावाच्या मांत्रिकाने ते घड्याळ बांधलं आणि अट घातली: हे चालेल तोवर या राज्यात काळ चालेल, हे थांबेल तेव्हा काळ थांबेल. मांत्रिकांना असल्या अटी घातल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. अट घालून तो आपला मरून गेला. मागे राहिला त्याचा बोलणारा सुतारपक्षी, मनोऱ्याच्या लाकडी खांबात भोक पाडून.

घड्याळ राखायचं काम हंसाजी घड्याळजीच्या घराण्याचं. आता त्या घड्याळाच्या पोटात काय होतं ते ऐका, म्हणजे पुढचं दुःख समजेल. एक दगडी वजन दोराला लोंबकळायचं आणि दातेरी चाकाला ओढायचं. तसंच सोडलं असतं तर चाक गरगर फिरून घटकाभरात सगळं उरकून बसलं असतं. म्हणून चाकासमोर खटका. खटक्याने चाकाचा एक दात धरायचा, लंबक झुलला की सोडायचा आणि लगेच पुढचा धरायचा. धरायचं, सोडायचं. सगळा काळ एवढ्यावर चालतो.

त्या घराण्याचा एक दंडक होता. घड्याळ दुरुस्त झालं की लंबकाला पहिला झोका घरच्या लेकीने द्यायचा, आणि झोका दिल्याबरोबर दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. हात रेंगाळला की लंबक अडखळतो. हंसाजीची एकुलती एक लेक केतकी. तिला जन्म देतानाच तिची आई गेली, बापानेच तिला वाढवलं. चार वर्षांची असताना तिने पहिला झोका दिला आणि कौतुकाने लंबक धरूनच ठेवला. हंसाजीने तिच्या हातावर हलकेच चापट मारली. "झोका द्यायचा, हात पाठीमागे!" तेव्हापासून ती कधी चुकली नाही. पुढे तिने हातात कानस धरली आणि बापापेक्षा सुबक दाते घासू लागली. बाप तोंडावर कधी म्हणाला नाही, पण गावभर सांगत फिरायचा.

एकोणिसाव्या वर्षी केतकीला ताप भरला. सात दिवस उतरला नाही. आठव्या दिवशी वैद्याने नाडी पाहिली आणि हात सोडला.

"हंसाजी, दुपारचे बारा टोले ही ऐकेल. तेराव्याची आशा धरू नका."

हंसाजी उठला. मनोऱ्याच्या दोनशे पायऱ्या चढला. काटे बारावर आले, पहिला टोला पडणार, एवढ्यात त्याने खटक्यात पोलादी पाचर ठोकली. घड्याळ थांबलं. काळ थांबला.

माणसं चालत होती, बोलत होती, पण काही पुढे जाईना. सूर्य डोक्यावर खिळला. विरजण लावलं तर दूध दूधच राहिलं. पाडाला आलेला आंबा पाडालाच राहिला. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं पण गळायचं नाही, तिथेच साचून राहायचं. राणी रत्नप्रभेला सकाळपासून कळा सुरू होत्या, त्या तशाच सुरू राहिल्या. मूल होईना, कळा थांबेनात. किती काळ, ते कोण सांगणार? काळच नव्हता.

आणि केतकी? मेली नाही. पण ताप उतरेना, तहान भागेना. बाप वाटीमागून वाटी पाणी पाजायचा.

"बाबा, घशाखाली उतरतं, पण तहान तिथेच आहे."

"बरं वाटेल, पोरी."

"टोला पडला नाही अजून. तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक आहे."

हंसाजीने मान खाली घातली. मी म्हणते, त्या बापाला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? आपल्यापैकी किती जणांनी पाचर ठोकली नसती?

राजा पृथुसेन स्वतः मनोरा चढून आला. त्याने पाचर पाहिली, हंसाजीला पाहिलं. तलवारीला हात घातला नाही.

"हंसाजी, माझी राणी ओरडते आहे. ऐकू येतं तुला?"

"येतं, महाराज."

"तुझ्या लेकीसाठी किती घरं अडकली आहेत, ठाऊक आहे?"

"आहे, महाराज."

"मग पाचर काढ."

हंसाजीने पाचर काढली. पण घड्याळ हलेना. खटका दातात रुतून बसला होता. तेव्हा खांबातून सुतारपक्षी बोलला, "ज्या खटक्याने काळ अडवला, तो पुन्हा चालणार नाही, त्याची नक्कलही नाही. नवा घडव. तीन संधी आहेत. तिसराही फसला, तर हे राज्य कायमचं दुपारचं."

"कसा घडवू?"

"ते मला काय ठाऊक? मी पक्षी आहे."

हंसाजीने पहिला खटका घडवला तो आजोबांच्या चालीचा. उभी काडी, तिला दोन पाती, पाती सदानकदा चाकाला घासणारी. बसवला. काळ सुटला, पण पिसाटासारखा. वजनाने जोर केला की तास धावायचा, जोर ओसरला की रांगायचा. एका घरात चूल पेटवेपर्यंत भात करपला. दुसऱ्या घरात गाईने तोंडातला घास चावायला घेतला तो संपेचना. केतकीच्या तोंडून एक कण्हणं निघालं आणि ते इतकं लांबलं, की हंसाजी कानात बोटं घालून भिंतीशी बसला. मग पाती झिजली, खटका गळून पडला. टोला पडायच्या आधीच काळ पुन्हा थांबला.

दुसरा त्याने जहाजाच्या नांगराच्या आकाराचा केला. दोन्ही टोकांनी चाकाला आळीपाळीने धरणारा. दिसायला देखणा. पण नांगराचं टोक दातात शिरताना चाकाला किंचित मागे रेटायचं. त्या राज्यात त्या किंचितचं काय झालं, ऐका. काळ पाऊल पुढे टाकायचा आणि तेवढंच मागे घ्यायचा. गालावर आलेला अश्रू पुन्हा डोळ्यात चढायचा. राणीचं बाळ येता येता परत फिरायचं आणि सुईण कपाळावर हात मारायची. हंसाजीने केतकीच्या तोंडात पाणी घातलं, तिने गिळलं, आणि तेच पाणी तिच्या ओठांतून पुन्हा वाटीत आलं.

हे मात्र त्याला बघवलं नाही. त्याने तो खटका आपल्या हाताने उपटून काढला. मग लेकीच्या उशाशी येऊन बसला.

"एकच संधी उरली, पोरी. मला सुचत नाही."

केतकीने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक.

"बाबा, तुमचे दोन्ही खटके लंबकाला सोडतच नाहीत. सारखे अंगाला अंग. बाळाचा पाळणा कसा हलवतात? दोरी धरूनच ठेवली, तर पाळणा हलेल का?"

"नाही."

"मधोमध आला की एक हलका हिसका, मग दोरी सैल. बाकीचा झोका त्याचा त्याला घेऊ द्यायचा. खटकाही तसाच करा. चाकाला वेगळ्या जागी धरा, लंबकापासून दूर. लंबक मधोमध येईल तेवढ्याच वेळी त्याला शिवायचं, ढकलायचं आणि बाजूला व्हायचं."

हंसाजी बघतच राहिला. एवढं साधं, आणि सात पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं! त्याला अभिमानाने भरून आलं, आणि त्याच क्षणी ध्यानात आलं. हा खटका चालला की टोले पडणार होते. तिलाही ते कळत होतं, आणि कळूनच ती बोलली होती.

"टोकांना माणकं बसवा," ती म्हणाली. "पोलाद झिजतं. तेल लावलं तर चिकटतं. माणिक नाही झिजत."

माणकं होती पूर्वेच्या गुहेत, एका मेलेल्या राजाच्या खजिन्यात. सुतारपक्षी वाट दाखवायला पुढे उडाला. खजिन्यावर म्हातारा नाग बसलेला.

"हवं ते ने," नाग म्हणाला. "पण इथलं जे उचलशील, त्यावर तुझी मूठ मिटेल. कितीजण ती उघडत इथेच बसले, कुणाचीच उघडली नाही. ते बघ."

कोपऱ्यात हाडं पडली होती, सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या. हंसाजीने तरीही दोन माणकं उचलली. मूठ मिटली. घरी आला, मूठ उघडेना. गरम पाणी झालं, तेल झालं, काही उपयोग नाही. माणकं आत आणि खटका अर्धवट समोर.

सुतारपक्षी ऐरणीवर येऊन बसला. "अरे, गुहेत मेले त्यांनी सगळं केलं, एक सोडून. जे मनात धरलंस आणि तोंडाने कधी म्हटलं नाहीस, ते म्हण."

 हंसाजीने कितीदा तोंड उघडलं, कितीदा मिटलं. शेवटी म्हणाला, "माझी केतकी जाणार आहे."

मूठ उघडली. माणकं ऐरणीवर पडली. हंसाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गळलं नाही.

तिसरा खटका तयार झाला. पहिला झोका लेकीचा, हा दंडक; आधीचे दोन झोके तिला उठवत नव्हतं म्हणून त्यानेच दिले होते, या वेळी नाही. हंसाजीने केतकीला खांद्याशी धरलं आणि दोनशे पायऱ्या चढला. लहानपणी ती इतकीच हलकी होती. राजा खाली उभा राहिला, वर आला नाही. तेवढी समज त्याला होती.

केतकी बापाच्या आधाराने उभी राहिली. तिने लंबकाला झोका दिला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. लंबक एकदा गेला, एकदा आला, आणि अडखळला.

हंसाजीने खटका पाहिला. माणकं नीट, दाते नीट, कुठे खोट नाही. सुतारपक्षी खांबातून बघत होता.

"बाबा," केतकी म्हणाली, "हात."

हंसाजीने खाली पाहिलं. त्याचा एक हात लेकीच्या कमरेला होता. दुसऱ्या हाताची दोन बोटं लंबकाच्या दांड्याला टेकलेली होती. कधी टेकली, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांच्या पोरीने केली होती तीच चूक म्हाताऱ्याने केली होती.

"पोरी, मला नाही जमत गं."

"मला जमलं होतं. तुम्ही चापट मारली होती." ती हसली. "झोका द्यायचा, बाबा. हात पाठीमागे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. हंसाजीने तिच्या कमरेचा हात सोडवला. मग दांड्यावरची बोटं उचलली, एक, मग दुसरं. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

केतकीने बसल्या बसल्या पुन्हा झोका दिला. लंबक गेला. आला. खटक्याने एक दात सोडला, दुसरा धरला, मधोमध लंबकाला शिवला आणि बाजूला झाला. ना घासणं, ना मागे येणं. असा आवाज त्या राज्याने कधी ऐकला नव्हता. पहिला टोला पडला.

"चांगला झाला," केतकी म्हणाली.

दुसऱ्या टोल्याला सूर्य कलला. पाचव्याला राजवाड्यात तान्हं बाळ रडलं. सातव्याला राजाने खाली जमिनीवर डोकं टेकलं. नवव्याला केतकी म्हणाली, "बाबा, तहान गेली." हंसाजी तिच्याशेजारी बसला. त्याचे हात अजून पाठीमागेच होते, तेव्हा तिनेच आपलं डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं. बारावा टोला तिने ऐकला.

मग हंसाजीच्या डोळ्यांतलं पाणी गळलं. किती दिवसांचं साचलेलं, ते सगळं गळलं.

राज्याची घडी बसली. दूध विरजलं, आंबे पिकले. राणीला मुलगी झाली होती, तिचं नाव केतकी ठेवलं. हंसाजी पुढेही पुष्कळ वर्षं जगला. ते घड्याळ कधी मागे पडलं नाही, पुढे गेलं नाही. वर्षातून एकदा तो ते उघडून पुसायचा, मग राजाच्या त्या मुलीला वर बोलवायचा. ती झोका द्यायची आणि न सांगता हात पाठीमागे घ्यायची. म्हातारा म्हणायचा, "शाब्बास, पोरी." आणि टोले पुरे होईपर्यंत तिथेच बसून राहायचा.