पाखरांची मूठ

एक गाव होतं, काळ्या रानाचं आणि उघड्या माळाचं, आणि त्या गावात एक हाकारीण होती. हाकारीण म्हणजे कोण, ते आधी नीट ऐका, नाहीतर पुढचा संताप कळायचा नाही.

पेरताना बी ज्या लाकडी वाडग्यातून सोडतात, त्याला चाडं म्हणतात. त्या गावाची रीत अशी, की पेरणी संपली तरी चाड्यातली शेवटची मूठ मातीत टाकायची नाही. ती फडक्यात बांधून ठेवायची. सगळ्या गावाची पेरणी उरकली, की ठरल्या सकाळी प्रत्येक घरानं आपली मूठ माळावरच्या सपाट धोंड्यावर नेऊन ओतायची. ती पाखरांची मूठ. आणि पाखरांना हाक मारून बोलावणारी ती हाकारीण.

हे काम बायजाक्काकडे होतं. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ, पण गळा असा मोकळा, की "याऽऽ गं बायांनो, याऽऽ रे बाबांनो!" म्हटलं की ओढ्यापलीकडच्या बाभळी हलायला लागायच्या. चिमण्या यायच्या, होले यायचे, तितर बिचकत बिचकत यायचे, मोर जरा भाव खाऊन यायचे. आणि सगळ्यांच्या पुढे एक लंगडी साळुंकी यायची. वर्षभर रोज सकाळी बायजाक्का आपल्या भाकरीतला चतकोर कुस्करून हीच हाक द्यायची. पाखरांना ती पाठ झाली होती. तिला ना मूल ना बाळ, सकाळी हाकेला ओ देणारं असं तिचं हेच गोत होतं.

पाखरं काही फुकट खात नव्हती. ज्वारी कमरेला लागली, की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, शिरलेली अळी न् अळी ती वेचून काढायची. गावाला अळीची भीती अशी ठाऊकच नव्हती.

रीतीचा एक नियम मात्र कडक होता. मूठ चाड्यातलीच हवी. कधीकाळी काही चिक्कू लोकांनी बी घरात ठेवून पाखरांपुढे कोंडा ओतला होता म्हणे. तेव्हापासून जुन्या लोकांनी ठरवून टाकलं, जे मातीत गेलं तेच पाखरांना, त्यात उन्नीस-बीस नाही. बायजाक्का प्रत्येकाचं फडकं सोडून बघायची. "ही चाड्यातली नव्हे रे, कणगीतली किडकी आहे! ने परत!" असं चारचौघांत सुनवायची. गाव तिला वचकून असायचं.

मग एका वर्षी एक व्यापारी गाडी भरून बी घेऊन आला. ज्वारीच, पण लालभडक, कुंकवात घोळल्यासारखी.

"पूड चोळलीय," तो चावडीवर म्हणाला. "मातीतला किडा शिवायचा नाही. एक दाणा वाया जाणार नाही."

पाटलांनी पहिलं पोतं उतरवून घेतलं. पाटलांनी घेतलं म्हणताना सगळ्या गावानं घेतलं. बायजाक्काचीही एक पट्टी होती रानात, तिनंही घेतलं.

गाडी जुंपता जुंपता व्यापारी म्हणाला, "पेरून झालं की हात तीनदा धुवा. लेकरांना लांब ठेवा. आणि हो, चार दिवस कोंबड्या डालग्याखाली डालून ठेवा. उकरून दाणा खाल्ला तर हकनाक जातील."

ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे एकालाही ते आठवलं नाही, ही गोष्ट निराळी.

ठरल्या सकाळी गाव माळावर जमलं. धोंड्यावर लाल ढीग पडला. बायजाक्का ढिगाशी वाकली, तर वासानंच तिच्या घशात टोचलं. पेरणीपासून तिच्या बोटांची आग होत होती, ती तिला आता आठवली.

"पाटील," ती म्हणाली, "या खेपेला घरातली ज्वारी टाकू या. हा दाणा मला बरा दिसत नाही."

पाटील हसले. "काय बायजाक्का! आजवर लोकांची फडकी सोडून बघितलीस, आणि आज तूच रीत मोडायला निघालीस? चाड्यातलं ते पाखरांचं. तूच सांगतेस ना?"

लोक फिदीफिदी हसले. ज्यांना ज्यांना तिनं सुनावलं होतं ते तर जास्तच हसले. बायजाक्काचा चेहरा पडला. नियम तिच्याच तोंडचा होता, तो तिच्याच गळ्यात अडकला.

"अगं, पाखराचं पोट ते, खडेसुद्धा पचवतं," पाटील म्हणाले. "मार हाक."

तिथं तिनं पाठ फिरवायला हवी होती. नाही फिरवली. चारचौघांच्या हसण्याला भ्याली आणि तिनं हाक मारली.

पाखरं आली. येणारच, तिची हाक होती ती! लंगडी साळुंकी उड्या मारत पुढे आली, मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं आणि दाणे टिपायला लागली. मागून सगळा थवा उतरला. लोकांनी हात जोडले, आणि सुखानं घरी गेले.

दुपार कलायच्या आत माळावर पाखरं पडायला लागली. होले जागच्या जागी गरगर फिरत होते. चिमण्या पंख पसरून थरथरत होत्या, चोचीतून फेस येत होता. एक मोर ओढ्यापर्यंत पोचला आणि पाण्यात तोंड घालून तिथंच राहिला. लंगडी साळुंकी बायजाक्काच्या ओंजळीत मेली. मरताना तिचे पाय तिच्या बोटाला घट्ट धरून होते, ते सोडवावे लागले. दुसऱ्या दिवशी एका घारीनं मेलेला होला उचलला, तर बांधावर बसून खाता खाता तीही कलंडली. बाभळीवरच्या घरट्यांतून पिल्लं दोन दिवस ओरडत होती. मग तीही गप्प झाली.

आणि गाव काय म्हणालं? "काहीतरी साथ आली असेल." "ऊन फार आहे औंदा." "वारं लागलं असेल." पाटील म्हणाले, "देवाची करणी." बरा सापडतो यांना देव, ऐन वेळेला!

बायजाक्कानं माळावर खड्डा खणला आणि पाखरं पुरली. कोणी मदतीला आलं नाही. मातीचे हात घेऊन ती घरी आली, तर अंगणातल्या डालग्याखालून तिची कोंबडी क्वॉक क्वॉक करत होती. सुखरूप होती. भुकेनं ओरडत होती, एवढंच.

बायजाक्का डालग्याकडे बघतच राहिली. मग तिनं गल्लीत नजर टाकली. प्रत्येक अंगणात एक डालगं होतं आणि प्रत्येक डालग्यावर एक दगड होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं, आणि तिलाही होतं. त्या सकाळी माळावर जाण्याआधी तिनंच या हातांनी कोंबडी डालली होती, वर दगड ठेवला होता, आणि मग जाऊन पाखरांना "या गं बायांनो" म्हणाली होती. तिनं कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्याला शिव्या घालायला तिच्याजवळ तोंडच उरलं नव्हतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

ज्वारी तरारून आली. पाटील मिशीवर ताव देत बांधावरून फिरत होते. ज्वारी कमरेला लागली आणि पोंग्यात अळी पडली. लाल पुडीचा जोर केव्हाच ओसरला होता, आणि वेचायला एक चोच नव्हती. आठ दिवसांत रानाची चाळण झाली. कणसं भरलीच नाहीत. त्या वर्षी गावानं भाकरी मोजून खाल्ली आणि गुरांपुढे टाकायला कडबा नव्हता.

पुन्हा पेरणी आली आणि पुन्हा तो व्यापारी आला. आता बी निळं होतं.

"गेल्या वेळची पूड जरा सौम्य होती," तो म्हणाला. "ही जालीम आहे. कोंबड्या डालायला विसरू नका."

गावानं ते घेतलं! अहो, घेतलं! पहिली पेरणी पाटलांनी आपल्या निम्म्या रानात करून घेतली, आणि बाकीच्यांची व्हायच्या आतच गावाला माळावर बोलावलं. अळीचा धसका बसला होता ना. निळी मूठ धोंड्यावर ओतून ते म्हणाले, "बायजाक्का, यंदा पाखरं लवकर बोलाव. अळी वेचायला पाखरं पाहिजेत."

व्यापारीही गाडीजवळ उभा राहून बघत होता.

बायजाक्का ढिगाकडे गेली नाही. गर्दीकडे तोंड करून उभी राहिली.

"पाटलीणबाई," तिनं विचारलं, "तुमच्या कोंबड्या कुठायत?"

पाटलीणबाई गोंधळल्या. "डालल्यात."

"का डालल्यात?"

पाटलीणबाईंनी खाली बघितलं.

"आणि तुझ्या रे? तुझ्या गं? डालल्यात ना? सगळ्यांच्या डालल्यात!" तिचा आवाज चिरकायला लागला. "गेल्या वर्षी माझीही डालली होती मी. साथ नव्हती ती, ऊन नव्हतं, देव तर नव्हताच नव्हता. आपण होतो. ज्याचं अंडं आपण खातो ते डालग्याखाली घातलं, आणि जे आपल्या विश्वासावर आलं त्याच्यापुढे हे ओतलं!"

"जास्त बोलतेस," पाटील गुरगुरले. "रीत आहे ती."

"रीत ना? मग आज रीत पुरती पाळू. आणा तुमचा तो तुरेवाला कोंबडा. सोडा या ढिगावर. त्यानं पोटभर खाल्लं की मी हाक देते. सांजेपर्यंत देते, म्हणाल तेवढी."

पाटलांनी व्यापाऱ्याकडे बघितलं.

"हे खायचं नसतं," व्यापारी म्हणाला. "पेरायचं असतं."

"हो का? पाखरांना सांगितलंस का रे ते?"

कोणी हसलं नाही. पाटील लाल झाले. "हाक देत नसशील तर हाकारीणपण काढून घेईन! गावात काय एकच गळा आहे?" असं म्हणून ते स्वतःच धोंड्यावर चढले आणि ओरडले, "या रेऽऽ या!" बाभळी हलल्या नाहीत. ते पुन्हा ओरडले, मग खोकले, आणि मग उतरले.

पाटलीणबाई मात्र तोवर घराकडे गेल्या होत्या. त्या परत आल्या, तेव्हा एका काखेत जुन्या ज्वारीची पाटी होती आणि दुसऱ्या हातात उलटा धरलेला तुरेवाला कोंबडा फडफडत होता. त्यांनी निळा ढीग फडक्यात गोळा केला, धोंडा पाण्यानं घासून धुतला, आपली ज्वारी त्यावर ओतली आणि कोंबडा सोडला. कोंबडा लगबगीनं खायला लागला.

"आमच्या उरलेल्या रानात हे पेरणार," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि मूठही याचीच."

मग एकेक जण हलला. निळी पोती व्यापाऱ्याच्या गाडीत परत गेली. त्यानं गाडी पुढच्या गावाकडे वळवली. तिथंही कोंबड्या डालून ठेवायला सांगायला तो विसरला नसेल!

"आता दे हाक, बायजाक्का," पाटलीणबाई हळूच म्हणाल्या.

बायजाक्कानं पदरानं डोळे पुसले. छाती भरून श्वास घेतला आणि वर्षभर कोंडलेली हाक सोडली. "याऽऽ गं बायांनो, याऽऽ रे बाबांनो!"

ओढ्यापलीकडची बाभळ हलली. गेल्या वर्षी कशीबशी वाचलेली पाचसात पाखरं तिच्यातून भर्रकन उडाली, आणि माळाकडे पाठ करून, जीव घेऊन लांब पळाली.

ज्यांना ती हाक कळत होती, त्यांना ती कशाची हाक आहे तेही कळलं होतं.

त्या दिवसानंतर बायजाक्कानं मरेपर्यंत कधी हाक दिली नाही. गावानं रीतीत एक भर घातली. मूठ ओतली की आधी गावातल्या कोंबड्या धोंड्यावर सोडायच्या, एकही डालायची नाही, आणि मगच माणसांनी निघून जायचं. बायजाक्का सगळ्यांच्या शेवटी निघायची, तोंडावर पदर धरून, मागे न बघता. कितीतरी वर्षांनी पाखरं पुन्हा त्या धोंड्यावर उतरायला लागली. पण ती घरी पोचून दार लावून घेईपर्यंत एकही उतरत नसे.

तात्पर्य: आपल्या कोंबड्या डालून ठेवून रानपाखरांपुढे दाणा टाकणाऱ्यानं "मला माहीत नव्हतं" म्हणू नये, त्याला माहीत होतं, म्हणून तर त्यानं डालल्या.